दरवाजाचं रेग्झिन दर उन्हाळ्यात सुटतंय? गोंद बदलायच्या आधी डोअर पॅड काढून मागे बघा

प्रॉब्लेम असा की जुन्या स्पोर्ट्स कारच्या दरवाजाचं आतलं रेग्झिन मार्च संपता संपता फुगायला लागतं, मग खालचा कोपरा सुटतो, मे महिन्यात आख्खी पट्टी लोंबते. कुशनवाल्याकडे नेलं की तो अर्ध्या तासात गोंद मारून, वरून हात फिरवून देतो, दिवाळीपर्यंत मस्त दिसतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमच्याकडे १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, मार्क थ्री, १२९६ सीसी इंजिनवाली, आणि गाडी राहते जळगावात, म्हणजे ४५ डिग्री हे इथे बातमीत येण्यासारखं टेम्परेचर नाहीच. बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डला आणि दरवाजाच्या वरच्या काठाला हात लावला तर चटका बसतो, ७० च्या पुढे सहज जातं ते. त्यामुळे सगळ्यांचं म्हणणं एकच, ऊन आहे हो आपल्याकडे, गोंद वितळतो, भारीतला गोंद आणा.

ऊन आहे हे कबूलच, पण निम्मा गुन्हेगार पाणी आहे आणि ते कुणी बघत नाही, कारण उन्हाळ्यात सुटणाऱ्या गोष्टीला पावसाळा कारण असेल हे डोक्यातच येत नाही. आमच्या गल्लीतला एक म्हातारा मिस्त्री, आयुष्यभर अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट केल्या त्याने, डोअर पॅडची, म्हणजे रेग्झिन ज्या हार्डबोर्डावर चिकटवलेलं असतं त्याची, मागची बाजू नखाने खरवडून म्हणाला, "गोंद बिचारा काय करी भो, दारमा पानी शे." बस, तिथून सगळं उलगडत गेलं. खाली लिहिलंय ते स्पिटफायरवरून असलं तरी स्टँडर्ड हेराल्ड, फियाट, अ‍ॅम्बेसेडर, अगदी जुनी मारुती ८०० असेल तरी दरवाजाचं गणित तेच आहे. हेराल्डवाल्यांना तर जास्तच लागू, कारण स्पिटफायर हेराल्डचीच चेसिस आखूड करून बनवलेली, डिझाइनर पण तोच, इटलीचा मिकेलोत्ती. आणि हेराल्ड तर १९६१ पासून मद्रासला बनत होती, म्हणून खान्देशात पण जुन्या वाड्यांच्या पडवीत एखादी धूळ खात पडलेली सापडते.

आता दरवाजा कसा असतो ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट. १९६२ ला स्पिटफायर आली तेव्हा तिची एक फुशारकी म्हणजे हँडल फिरवून वरखाली होणाऱ्या काचा, त्या काळच्या एमजी मिजेटला १९६४ पर्यंत ते पण नव्हतं, काढघाल करायचे पडदे होते. पण काच दरवाजाच्या पोटात उतरते म्हटल्यावर काचेवरचं पाणी पण पोटातच उतरणार. काचेच्या बाहेरचं रबर कितीही नवीन असू द्या, थोडं पाणी आत जातंच, कंपनीने ते गृहीत धरलेलं असतं आणि म्हणून दरवाजाच्या अगदी खालच्या काठाला पाणी निघायची भोकं ठेवलेली असतात. पाणी वरून येतं, आतल्या पत्र्यावरून ओघळतं, खालच्या भोकातून रस्त्यावर पडतं. ह्या ओघळाच्या आणि तुमच्या डोअर पॅडच्या मध्ये एक प्लास्टिकचा कागद असायला पाहिजे. पन्नास-पंचावन्न वर्षांत तो कागद कुणीतरी कधीतरी फाडून फेकलेला असतो, काचेची मशीन दुरुस्त करताना किंवा ऐंशीच्या दशकात कुणी हौशीने स्पीकर बसवताना, आणि परत लावायचे कष्ट कुणी घेतलेले नसतात. दिसतच नाही ना बाहेरून.

मग होतं असं. जून ते सप्टेंबर हार्डबोर्ड मागून पाणी पितो. हार्डबोर्ड म्हणजे दाबलेले लाकडाचे तंतूच, पाणी प्यायला की फुगतो, तंतू मोकळे होतात, वरचा थर सैल पडतो. ऑक्टोबर हीटमध्ये तो वाळतो आणि वाकडा होतो. रेग्झिन अजून चिकटलेलं दिसतं पण ते चिकटलंय एका सुट्या झालेल्या पापुद्र्याला. मग एप्रिलचं ऊन येतं, रेग्झिन आकसतं, ओढ बसते आणि पापुद्र्यासकट सुटून येतं. आपण बघतो तेव्हा ऊन असतं, म्हणून आपण उन्हाला शिव्या घालतो.

पॅड काढायचं कसं. स्पिटफायर आणि हेराल्डच्या काचेच्या हँडलला समोरून स्क्रू दिसत नाही म्हणून लोकं ओढून ओढून तोडतात. हँडलच्या मागे गोल चकती असते, स्प्रिंगवर बसलेली, ती दोन्ही अंगठ्यांनी आत दाबून धरा, आडवी पिन दिसेल, ती बारीक खिळ्याने किंवा पंचने हळूच पलीकडे ढकला. पिन टिचकी मारल्यासारखी उडते, खाली जुनी चादर अंथरा नाहीतर शोधत बसाल. उघडायच्या हँडलचं पण जवळपास तसंच. मग पॅडच्या कडेने क्लिपा असतात, त्यांच्या अगदी जवळ चपटी पट्टी घालून उचकटायचं, दोन क्लिपांच्या मध्ये घातली तर बोर्ड मोडतो. क्लिप बसलीये कुठे हे न बघता जोर लावू नका, आधी बोटाने चाचपा. हँडल, पिन, स्प्रिंग असले बारके पार्ट खराब असतील तर मुंबईला ऑपेरा हाऊसच्या बाजूला जुने स्पेअरवाले आहेत तिथे हेराल्डच्या नावाने विचारून बघा, पण तोंडी वर्णन करू नका, जुना पार्ट खिशात घालून न्या आणि शेजारी ठेवून बघा.

आता खरं काम. पॅड हातात आलं की लगेच घासायला घेऊ नका, उजेडात न्या आणि वाचा. सुटलेल्या जागेचं रेग्झिन हळू उलगडा आणि बघा गोंद कुणाच्या अंगाला राहिलाय.

रेग्झिनच्या मागे गोंद आहे आणि गोंदावर तपकिरी केसाळ थर आहे, म्हणजे गोंदाने त्याचं काम इमानदारीत केलं, बोर्ड फाटला. हे पाणीच. बहुतेक वेळा असं खालच्या चार बोटांच्या पट्ट्यात दिसतं, बोर्डाची कड तिथे जाड झालेली असते, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वरून खाली आणलं तर फुगवटा कळतो, आणि वास येतो, बंद कोठीतल्या गोणपाटाचा. मागे चहाच्या डागासारख्या कडा दिसतील, एकाच्या आत एक, प्रत्येक पावसाळ्याची एक.

दोन्हीकडे गोंद आहे आणि मध्ये पिवळे तार सुटतात, बोटाला चिकटतात, तर मामला उन्हाचा आणि रेग्झिनचा. रेग्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घातलेलं असतं, ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं, काचेवर आतून जो चिकट धूसर थर बसतो तो पण त्यातलाच, आणि तेच मागच्या बाजूने गोंदात शिरून गोंदाला लोणी करून टाकतं. उन्हात तर विचारू नका. हे बहुतेक वरच्या भागात आणि दरवाजाच्या काठावर सापडतं.

एका बाजूला गोंदाचा चकचकीत थर आणि दुसरी बाजू कोरी, तर चिकटवलंच नीट नव्हतं. एक तर जुन्या पॉलिशचा सिलिकॉन राहिला असेल, किंवा एकाच बाजूला गोंद मारून दाबलं असेल, किंवा गोंद पुरता सुकून गेल्यावर जोडलं असेल. घाईतल्या कामाची सही म्हणा.

चौथा प्रकार, मध्ये पातळ फोम होता आणि त्याची पिवळी भुकटी झालीये, चाळणीतून गाळल्यासारखी खाली पडते. फोम मेला. त्याच्यावर कुठलाही गोंद मारा, काही उपयोग नाही, सगळा खरवडून नवीन घालायचा.

एकाच पॅडवर दोन-तीन प्रकार एकत्र असू शकतात, खाली पाणी आणि वर ऊन हे तर ठरलेलंच कॉम्बिनेशन आहे आपल्याकडे. म्हणून एकच उपाय करून समाधान मानलं की दुसरा कोपरा सुटतो.

पॅड बाहेर आहे तोवर पाण्याची टेस्ट करून घ्या. काच पूर्ण वर करा, बाहेरून काचेवर मगने सावकाश पाणी ओता, धार नको, पाऊस पडल्यासारखं, आणि दुसऱ्याला आत टॉर्च घेऊन बसवा. आतल्या पत्र्यावरून पाणी ओघळलं आणि खालच्या भोकातून बाहेर पडायला लागलं तर ठीक, घाबरायचं कारण नाही. पाणी आत साचलं, दरवाजा हलवल्यावर डुचमळलं, तर भोकं बुजलेली आहेत. आमच्याकडे काय काय निघालं सांगू, गंजाचे पापुद्रे, काळी माती आणि कापसाची बोंदरं. जिनिंगच्या सीझनमध्ये रस्त्याने कापूस उडत असतो तो कुठेही शिरतो, ते ओलं होऊन बसलं की सिमेंट. सायकलची तार घेऊन खालून भोकं मोकळी करा, ड्रिल घालून मोठी करू नका, पत्र्याची कड उघडी पडली की गंज तिथूनच सुरू. मग आतली माती ब्रशने काढून, एक-दोन दिवस उन्हात वाळवून, आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारा. जुनं इंजिन ऑइल आत ओतायचा सल्ला देणारे भेटतील, नका ऐकू, रबराची वाट लागते आणि तेच तेल वर चढून नव्या बोर्डात मुरतं. काचेच्या बाहेरचं रबर कडक होऊन फाटलं असेल तर ते पण आत्ताच बदला, पाणी थांबणार नाही पण निम्मं कमी होईल.

आता तो हरवलेला कागद. बाहेरून मागवायची काही गरज नाही, जळगाव जिल्ह्यात राहून प्लास्टिकचा कागद शोधायचा म्हणजे कमालच आहे. शेतीच्या दुकानात पॉलीहाऊसचा कागद मिळतो, २०० मायक्रॉनचा, उन्हाला टिकणारा, एक तुकडा मागितला तर रोलच्या शेवटचा असाच देतात. मल्चिंग पेपर घेऊ नका, २५-३० मायक्रॉनचा फारच पातळ, क्लिप बसवतानाच फाटतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा उलट इतका जाड की पॅड टेकतच नाही. कागद दरवाजाच्या मापाने कापा, कडेने ब्युटाइल टेप लावून चिकटवा, काळी चिकट डिंकासारखी टेप असते ती, विंडशील्डचं काम करणाऱ्यांकडे मिळते. आणि एक गोष्ट जी सगळे चुकवतात, कागदाची खालची कड दरवाजाच्या आत वळली पाहिजे, पत्र्यात जी खालची लांबट खाच असते तिच्यातून आत सोडायची, म्हणजे कागदावर आलेलं पाणी परत दरवाजाच्या पोटात पडेल आणि भोकातून जाईल. खालची कड बाहेर ठेवून चिकटवली तर सगळं पाणी पॅडच्या मांडीवर. हँडलच्या दांड्यांना कात्रीने मोठं भोक पाडू नका, फुलीचा छोटा काप द्या आणि त्यातून दांडी ओढून काढा.

बोर्ड. जुना वाकडा बोर्ड इस्त्री करून, वजन ठेवून सरळ करायचा खटाटोप मी तरी करणार नाही, तो पहिल्या पावसात आपल्या मूळ स्वभावावर जातो. पण फेकू नका, नवा कापायला तोच साचा आहे, क्लिपांची भोकं मिलिमीटरला मिलिमीटर उतरवून घ्यावी लागतात. नवीन बोर्डाला तीन पर्याय. हार्डबोर्डच घ्या ३ मिलिमीटरचा, ओरिजिनलला जवळ, पण दोन्ही बाजूंनी आणि खास करून कडांना व भोकांच्या आतून वॉर्निश किंवा इपॉक्सीचे दोन हात मारा, कड म्हणजे बोर्डाचं तोंड आहे, पाणी तिथूनच पितो. दुसरा पर्याय पातळ मरीन प्लाय, महाग पडतो पण माझी पसंती हीच. तिसरा, बोर्ड-बॅनर बनवणाऱ्यांकडचं एसीपी शीट, दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम, पाण्याची भानगडच नाही, कडा मात्र ब्लेडसारख्या असतात, कानशीने गोल केल्या नाहीत तर रेग्झिन वळवतानाच कापलं जातं. त्याच दुकानात तो तुम्हाला सनबोर्ड घ्या म्हणेल, स्वस्त, हलका, कटरने कापतो. बिलकुल नको. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी, आपल्या मे महिन्यात बंद गाडीत तो मऊ पडतो आणि दोन क्लिपांच्या मध्ये पोट काढतो. पुण्या-नाशिकच्या व्हिडिओत छान दिसतं, भुसावळच्या उन्हात टिकत नाही.

गोंदावर येऊ, ज्याच्यावर सगळे पहिल्या दिवशी येतात. पांढरा सुतारकामाचा गोंद तर नकोच, ओल आणि गरमी दोन्हीला तो नरम पडतो. कुशनवाल्यांचा पिवळा रबरवाला गोंद, ज्याला सगळे एसआरच म्हणतात, हार्डबोर्डवर फोम किंवा कापड लावायला चांगला आहे, पण थेट रेग्झिनच्या मागे प्लास्टिसायझर झिरपून तो कालांतराने पातळ होतो. नुसतं रेग्झिन बोर्डवर लावायचं असेल तर नायट्राइल रबरचा किंवा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद बघा. पीयू मिळेल कुठे, तर बूट-चप्पल बनवणाऱ्यांच्या मटेरियलच्या दुकानात, सोल चिकटवायला तोच वापरतात. त्याच्यासोबत हार्डनर मिळतो, तो डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घातला की गरमीला बराच जास्त टिकतो, पण मिसळल्यावर संपवावा लागतो, उद्यासाठी ठेवता येत नाही. मागे कापडाचं अस्तर असलेलं रेग्झिन मिळालं तर तेच घ्या, गोंद कापडाला धरतो आणि रेग्झिनचं तेल थेट त्याला लागत नाही.

जोडायच्या आधी दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग दोन्हीकडे पातळ हात, आणि थांबा. साधारण दहा-पंधरा मिनिटं, पण घड्याळापेक्षा बोट बरं, टेकवलं तर चिकट लागलं पाहिजे पण तार येता कामा नये. ओलं असताना जोडलं की सॉल्व्हंट आत अडकतं आणि पहिल्या उन्हात फुगे. इथे आपल्याकडची एक खास गंमत. मे महिन्यात घरात काम करायला बसलो की समोर कूलर सुरू असतोच, आणि कूलरची हवा दमट. सॉल्व्हंट उडताना गोंदाचा पृष्ठभाग थंड पडतो, त्याच्यावर हवेतलं पाणी बसतं, गोंद दुधाळ दिसायला लागतो आणि मग तो धरतच नाही. बाकी सगळं बरोबर करून ह्या एका कारणाने काम वाया जातं. पावसाळ्यात तर हे काम करूच नका. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे करा, कूलर बंद, दारं-खिडक्या उघड्या. खिडक्या उघड्या तसंही पाहिजेतच, वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते, शेजारी गॅस, बिडी काही नको. खरा सीझन दिवाळी ते महाशिवरात्र, हवा कोरडी, ऊन बेताचं.

रेग्झिन लावायच्या आदल्या दिवशी उन्हात सपाट पसरून ठेवा, दुकानात गुंडाळीत राहून त्याला वळण लागलेलं असतं. मध्यापासून कडेकडे हाताने दाबत जा, ओढून ताणून लावू नका, ताणलेलं रेग्झिन म्हणजे पुढच्या एप्रिलची तयारी. कडेला बोटभर मागे वळवा, गोल कोपऱ्यात पाचर कापून काढा म्हणजे मागे गठ्ठा होत नाही, कोपरा हेअर ड्रायरने गरम करून बसवा. मागे स्टेपल मारणार असाल तर स्टेनलेसच्या मारा, साध्या पिना गंजून रेग्झिनवर समोर तपकिरी ठिपके आणतात. रात्रभर वजनाखाली ठेवा.

वरच्या काठाचं वेगळं सांगतो कारण स्पिटफायर उघडी गाडी, छप्पर खाली असलं की ऊन सरळ तिथे पडतं. तिथलं रेग्झिन आकसून कडक होतं आणि फाटतं, ते कुठल्याही गोंदाने थांबत नाही. गाडी उभी असताना पांढरी सुती चादर दोन्ही दरवाज्यांवरून टाका, प्लास्टिकचं कव्हर नको, आत वाफ धरतं. छप्पर लावून बंद ठेवणार असाल तर काचा बोटभर उघड्या. आणि ते चकचकीत सिलिकॉन पॉलिश, सर्व्हिसिंगवाले न विचारता मारतात ते, त्याला आधीच नाही म्हणून सांगा, पुढच्या वेळी गोंद धरत नाही ते त्याच्यामुळेच. साध्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसलं तरी भागतं.

डॅशबोर्डच्या लाकडी व्हेनिअरचं पण विचारतात. मार्क थ्रीला मधल्या मीटरच्या पॅनलवर व्हेनिअर आहे, त्याला तडे जातात ते वरच्या लॅकरला, लाकूड बहुतेक शाबूत असतं. मीटर काढून, लॅकर हाताने पॉलिश पेपरने उतरवून यूव्हीवालं, म्हणजे उन्हाला टिकणारं, क्लिअर लॅकर मारा, मशीनने घासाल तर कागदाएवढं पातळ व्हेनिअर पार जाईल. गिअरबॉक्सवरचं झाकण मात्र नक्की बघा, ओरिजिनल पुठ्ठ्यासारख्या फायबर बोर्डचं असतं, ते तडकलेलं असेल तर इंजिनची गरम हवा सरळ पायाशी येते आणि आतली सगळी ट्रिम खालून भाजते. फायबरग्लासचं करून घेता येतं, बॉडीवाले करतात.

एवढं सगळं करून परत सुटलं तर पॅड काढा आणि परत वाचा. तपकिरी केस दिसले तर कागदाची खालची कड बाहेर आलीये किंवा स्पीकरचं जुनं भोक उघडं राहिलंय. पिवळे तार दिसले तर हार्डनर कमी पडला किंवा रेग्झिन फारच तेलकट आहे, दुसऱ्या दुकानाचं घ्या. कोरी बाजू दिसली तर कूलर चालू होता का ते घरच्यांना विचारा.